न्यू ऑर्लिन्सची संगीतपरंपरा : ब्रास बँड, जॅझ आणि फंक यांचा ऐतिहासिक परिचय

प्रस्तावना

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीकाठचे बंदर जॅझ संगीताची जन्मभूमी म्हणून ओळखले जाते. या शहराच्या संगीताचा प्रथमच परिचय करून घेणाऱ्यासमोर ब्रास बँड, जॅझ आणि फंक ही तीन नावे येतात. बँड मागे पडून जॅझ आले आणि जॅझ मागे पडून फंक आले, असा समज त्यातून सहज होतो. इतिहास मात्र वेगळे चित्र दाखवतो. हे तीनही प्रकार आजही शेजारी शेजारी नांदत असून त्यांना जोडणारा दुवा म्हणजे रस्त्यावरची मिरवणूक होय. या मिरवणुकीमागील सामाजिक संस्थांच्या आधारे या परंपरेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काँगो स्क्वेअर

१७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलेले हे शहर पुढे स्पेनच्या ताब्यात गेले आणि १८०३ मध्ये अमेरिकेत समाविष्ट झाले. फ्रेंच राजवटीपासून गुलामांना रविवारी कामातून सवड मिळण्याची रूढी होती. १८१७ मध्ये नगरशासनाने त्यांच्या रविवारच्या मेळाव्यांवर एकाच जागेचे बंधन घातले. हीच जागा काँगो स्क्वेअर म्हणून प्रसिद्ध झाली. नियंत्रणासाठी केलेल्या या नियमामुळे आफ्रिकी वादन व नृत्य यांना एक सार्वजनिक स्थान लाभले, हा इतिहासातील विरोधाभास लक्षणीय आहे. आठ मात्रांची ३, ३, २ अशी विभागणी करणारी आफ्रिकी-कॅरिबियन लय या शहराच्या पुढील संगीतात वारंवार आढळते.

परस्पर साहाय्य मंडळे आणि ब्रास बँड

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) लष्करी धर्तीची वाद्यपथके शहरात वाढली. एक्सेल्सिअर आणि ऑनवर्ड ही कृष्णवर्णीय वादकांची पथके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील होत. त्यांना नियमित काम देणारा आश्रयदाता मात्र राजा वा धनिक नव्हता. विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना सहसा दारात उभे करीत नसल्याने त्यांनी परस्पर साहाय्य मंडळे स्थापन केली होती. सभासद ठरावीक वर्गणी भरत. मंडळ आजारपणात औषधोपचाराचा आणि मृत्यूनंतर दफनाचा खर्च उचले. सन्मानाने निरोप देण्यात बँडचाही समावेश असे.

स्मशानभूमीकडे जाताना संथ, शोकपूर्ण धून वाजते. मृतदेहाचा निरोप घेतल्यानंतर वादन द्रुत व उल्हासपूर्ण होते. मंडळाचे सभासद, आप्त आणि बँड ही मिरवणुकीची पहिली रांग. त्यामागे नाचत येणारा, निमंत्रणाची वाट न पाहणारा जनसमुदाय म्हणजे ‘सेकंड लाइन’. येथे श्रोता आणि कलावंत यांच्यात रंगमंचाची सीमा नसते. नवख्या अभ्यासकाने सर्वप्रथम ध्यानी घ्यावयाची बाब हीच होय.

जॅझचा उदय

फ्रेंच वळणाच्या ‘क्रिओल’ या मिश्रवंशीय समाजातील अनेक वादक स्वरलिपी वाचणारे, शिस्तबद्ध शिक्षण घेतलेले होते. रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल १८९२ मध्ये याच समाजातील होमर प्लेसी यांना अटक झाली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णविभाजन वैध ठरवले. क्रिओल समाजाचे वेगळे स्थान या काळात ढासळले. त्यांचे वादक आणि चर्चगीते व ब्लूज यांवर पोसलेले, कानाने ऐकून वाजवणारे वादक यांचा संपर्क वाढला. कॉर्नेटवादक बडी बोल्डन (१८७७–१९३१) यांचे नाव या टप्प्याशी जोडले जाते. १९०७ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झालेल्या बोल्डन यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

जॅझ म्हणून बाजारात आलेली पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मध्ये निघाली, ती न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्या वादकांच्या ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड’ची. परंपरा घडवणारे एक आणि तिचा पहिला व्यापारी लाभ घेणारे दुसरे, हा प्रश्न तेव्हापासूनच या संगीताशी निगडित आहे. लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) १९२२ मध्ये शिकागोला गेले आणि जॅझ जगभर पोहोचले. याच प्रवाहात १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ आत्मसात केलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही मुंबईत वादन केले. १९४५ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. मुंबईतील गोमंतकीय वादकांनी हे संगीत आपलेसे केले आणि त्यांच्याद्वारे त्याचे सूर हिंदी चित्रपटसंगीतात उतरले.

फंक आणि ब्रास बँडचे पुनरुज्जीवन

१९४९ च्या डिसेंबरमध्ये फॅट्स डॉमिनो यांनी ‘द फॅट मॅन’ हे गीत काँगो स्क्वेअरपासून जवळच असलेल्या कॉझिमो मटासा यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. प्रोफेसर लाँगहेअर यांच्या पियानोत कॅरिबियन लय स्पष्ट ऐकू येते. १९६९ मध्ये ‘द मीटर्स’ या चौघांच्या पथकाने ‘सिसी स्ट्रट’ ही रचना प्रसिद्ध केली. मिरवणुकीत मोठा ढोल आणि लहान ड्रम दोन स्वतंत्र वादक वाजवतात. त्यांच्यातील लयीचा संवाद झिगाबू मॉडेलिस्ट यांनी एकट्याने ड्रमसंचावर साकारला. न्यू ऑर्लिन्सच्या फंकचे वेगळेपण येथे आढळते.

दरम्यान बँडमध्ये तरुण येईनासे झाले होते. १९७० च्या सुमारास बँजोवादक डॅनी बार्कर यांनी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आश्रयाने मुलांचा बँड उभारला. १९७७ मध्ये डर्टी डझन आणि १९८३ मध्ये रीबर्थ ही पथके स्थापन झाली. त्यांनी ब्रास वाद्यांवर फंक आणले. जी लय रस्त्यावरून स्टुडिओत गेली होती, ती अशा रीतीने पुन्हा रस्त्यावर आली.

रस्त्यावरील अधिकाराचा प्रश्न

परंपरेचे अस्तित्व वस्तीवर अवलंबून असल्याने वस्तीवरील आघात हा संगीतावरील आघात ठरतो. १९६० च्या दशकात महामार्गाच्या उड्डाणपुलासाठी क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरील ओक वृक्ष तोडले गेले आणि कृष्णवर्णीयांची एक भरभराटीची व्यापारपेठ उद्ध्वस्त झाली. २९ ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि अनेक वादक परागंदा झाले. जानेवारी २००६ मध्ये एका मिरवणुकीनंतर गोळीबार झाल्यावर पोलिसांनी परवाना शुल्क अनेक पटींनी वाढवले. मंडळे न्यायालयात गेली आणि २००७ मध्ये तडजोड होऊन शुल्क कमी झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रेमे वस्तीत एका दिवंगत ट्यूबावादकासाठी निघालेली मिरवणूक पोलिसांनी थांबवली आणि दोन वादकांना अटक केली. ज्या संगीताच्या नावावर शहर पर्यटक आकर्षित करते, ते संगीत रस्त्यावर वाजवण्याचा अधिकार वादकांना झगडून राखावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

न्यू ऑर्लिन्सचे ब्रास बँड, जॅझ आणि फंक हे एकाच सामाजिक व्यवहाराचे भिन्न आविष्कार आहेत. ध्वनिमुद्रिका आणि महोत्सव यांनी त्यांना कीर्ती दिली. त्यांचे पोषण मात्र वर्गणी, शेजार आणि मिरवणूक यांनी केले. म्हणूनच या परंपरेचे जतन म्हणजे केवळ ध्वनिमुद्रणांचे जतन नव्हे. ज्या वस्त्यांतून मिरवणूक निघते, तेथे वादकांना राहता येणे ही तिची पहिली अट आहे. २०११ मध्ये नगरपरिषदेने काँगो स्क्वेअर हे लोकमान्य नाव अधिकृत केले. नाव परत मिळाले, ही घटना महत्त्वाची आहेच. परंतु रविवारच्या मिरवणुकीत मुले जोवर मोठ्यांच्या मागून चालत लय शिकत आहेत, तोवरच त्या नावाला अर्थ राहील.