पाणीवाल्याचा ठराव

आमच्या गावात नळाचं पाणी आलं 1984 साली. त्याआधी आडावर रहाट होता, आणि उन्हाळ्यात आड आटला की बायका ओढ्यात झरे उकरायच्या. टाकी बांधून झाली, मोटर बसली. मोटर चालू-बंद करायला माणूस पाहिजे म्हणून पंचायतीनं गावातल्याच एका पोराला बोलावलं. बावीसेक वर्षांचा, नववी नापास. तेव्हापासून गावानं त्याचं नाव टाकून दिलं. सगळे त्याला पाणीवालाच म्हणू लागले. शाळेतली पोरंसुद्धा त्याला अरे-तुरे करायची. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून तो मला अण्णा म्हणायचा.

गावच्या कारभाराचा इतिहास म्हटलं की लोक सरपंचांची यादी लिहितात. पंचायतीच्या भिंतीवर तसा फळाच असतो. त्या फळ्यावर माझंही नाव एका कोपऱ्यात आहे, कारण मी 10 वर्षं सदस्य होतो. पाणीवाल्याचं कुठंच नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

थोडं मागचं सांगतो. ग्रामपंचायतीचा कायदा झाला 1958 साली. पुढं वसंतराव नाईक समितीनं आराखडा दिला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या घडीत ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर. त्याला पगार जिल्ह्याचा, बदली जिल्ह्याची, आणि वर चढायला पायऱ्या. आधी ग्रामसेवक, मग ग्रामविकास अधिकारी, मग विस्तार अधिकारी. शिपाई, पाणीवाला, झाडूवाला ही माणसं मात्र पंचायतीची. त्यांचा पगार गावच्या फंडातून. फंडात पैसे असले तर पगार, नसले तर 'पुढच्या महिन्यात बघू'. वर चढायला पायरीच नाही. पहिल्या दिवशी जी चावी हातात घेतली तीच साठीला खाली ठेवायची.

आता त्यानं काय केलं ते सांगतो. आमचं गाव उतारावर. चावी सोडली की पाणी खाली धावायचं. खालच्या आळीत रांजण ओसंडायचे आणि टेकाडावरच्या वस्तीत नळ नुसती हवा सोडायचा. रोज भांडणं. तालुक्याचे साहेब आले, बघून गेले, म्हणाले मोठी टाकी बांधावी लागेल. पंचायतीकडं तेवढा पैसा कुठला? तेव्हा हा म्हणाला, "टाकी ऱ्हाऊ द्या. मला चार वॉल आणून द्या."

त्यानं गावाचे पाच भाग पाडले. प्रत्येक भागाला अर्धा तास पाणी, आणि पहिला नंबर टेकाडाचा. खालची आळी चिडली, पण आठवड्यात गप झाली, कारण त्यांचंही पाणी कमी झालं नव्हतं. मारुतीच्या देवळासमोर फळीवर खडूनं वेळ लिहायचा. जिथं वॉल पुरला तिथल्या भिंतीवर गेरूनं नंबर घातला. आणि एक वही केली. कुठल्या घराच्या कोपऱ्यापासून किती पावलांवर वॉल आहे, चावीचे किती फेरे दिले की किती पाणी सुटतं, सगळं त्या वहीत.

दुसरं काम वसुलीचं. घरपट्टी-पाणीपट्टी मार्चअखेरीला मागायची असा रिवाज. मार्चमध्ये आमच्याकडं कुणाच्या हातात पैसा नसतो, मग शिपायाला दारातून परत धाडायचे. हा म्हणाला, कांद्याची पट्टी झाली की पाणीपट्टी. बाजारातून कांद्याची गाडी परत आली की दुसऱ्या सकाळी हा पावती पुस्तक घेऊन दारात उभा. वसुली वाढली. यात त्याचाही स्वार्थ होता आणि तो ते लपवत नव्हता. पगार गावच्या फंडातून. पुढं शासनानं किमान वेतनातला वाटा उचलला, तोही वसुलीच्या टक्केवारीला बांधलेला. "माझी भाकरी तुमच्या पट्टीत हाय अण्णा," असं म्हणायचा.

मी 1992 ला निवडून आलो. महिनाभरात तो माझ्या गोठ्यावर आला. म्हणाला, "अण्णा, आठ वर्सं झाली. माझा नेमणुकीचा ठराव तेवढा घ्या."

तोवर त्याचा ठरावच नव्हता. पंचायतीच्या दप्तरात तो 'मोटर चालवण्याची मजुरी' म्हणून किरकोळ खर्चात पडत होता. मी म्हणालो, घेऊ की पुढच्या मीटिंगला. पुढच्या मीटिंगला रस्त्याचा विषय निघाला. त्याच्या पुढच्या मीटिंगला कोरम झाला नाही. मग माझ्या विहिरीचं काम निघालं. त्यानं अजून दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. ठराव झाला 1996 ला. चार वर्षं. त्या चार वर्षांत मी त्याच्या हातचं पाणी रोज पीत होतो.

याच काळात कारभार बदलत होता. 24 एप्रिल 1993 पासून 73वी घटनादुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना आल्या. माझ्या दुसऱ्या टर्मला आमच्या सरपंच बाईच होत्या. 2000 साली आर. आर. पाटील आबांनी ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावं झाडून निघाली. आमच्याकडं तालुक्याची समिती आली. साहेबांना ती फळी, ते गेरूचे नंबर, पाच भाग फार आवडले. अहवालात 'ग्रामपंचायतीचा अभिनव उपक्रम' असं लिहिलं. फोटो निघाला. त्यात सरपंचबाई, भाऊसाहेब ग्रामसेवक, आम्ही सगळे सदस्य. पाणीवाला फोटोत नाही. तो तेव्हा समितीसाठी चहाच्या कपबशा विसळत होता.

त्या उपक्रमाचं चीज सगळ्यांचं झालं. भाऊसाहेबांच्या गोपनीय अहवालात चांगला शेरा गेला, ते यथावकाश ग्रामविकास अधिकारी झाले. आमच्यातला एक सदस्य पंचायत समितीला उभा राहून निवडून आला. मलाही दोन-चार गावांनी सभेला बोलावलं. 'हे कसं केलंत' असं विचारायचे आणि मी 'आम्ही' म्हणून सांगायचो.

पुढं काही वर्षांनी त्याला एक पायरी दिसली. जिल्हा परिषदेच्या वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या भरतीत 10 टक्के जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी असतात. त्यासाठी जिल्ह्याची सेवाज्येष्ठता यादी लागते. त्यानं कागद गोळा केले. मी बरोबर गेलो. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, नेमणुकीचा ठराव? आम्ही 1996 चा दाखवला. हा म्हणाला, "साहेब, मी 84 पासनं हाय." बाबू म्हणाला, कागद दाखवा. कागद नव्हता. किरकोळ खर्चाच्या पावत्यांवर अंगठा होता ना सही, नुसती रक्कम.

यादी लागली तेव्हा मी ती भिंतीवर बोट ठेवून वाचली. 1992 ते 1996 या चार वर्षांत लागलेली माणसं त्याच्या वर होती. त्यातली काही जिल्हा परिषदेत शिपाई म्हणून गेली. याचा नंबर यायच्या आत वयाची अट आडवी आली. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग बरंच नवं आलं. 2011 ला संगणक आला, दाखले छापील मिळू लागले. त्याच साली बायकांच्या जागा निम्म्या झाल्या. 2015 पासून 14व्या वित्त आयोगाचा पैसा थेट पंचायतीच्या खात्यात येऊ लागला. 2024 ला ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक होऊन 'ग्रामपंचायत अधिकारी' झाली. हे सगळं चांगलंच झालं. पण संगणकावर बसणारी पोरगी आमच्याकडं कंत्राटावरच आहे. तिनं दाखल्यांसाठी गल्लीवार याद्या करून म्हाताऱ्यांचे हेलपाटे वाचवले. ते बघितलं की मला जुनी भीती वाटते.

पाणीवाला 2022 ला साठीचा झाला. शाल, श्रीफळ, टोपी. पेन्शन नाही. दुसऱ्या वर्षी जलजीवन मिशनची नवी लाईन टाकताना जुनी लाईन कुठून गेलीय ते कुणालाच सांगता येईना. ठेकेदाराच्या नकाशात जुने वॉलच नव्हते. जेसीबीनं दोनदा पाईप फोडला, गाव तीन दिवस कोरडं. शेवटी त्याला बोलावलं. तो वही घेऊन आला, पण उघडली नाही. भिंतीपासून पावलं मोजत गेला आणि पायानं माती दाबून म्हणाला, "हितं." तिथंच निघाला.

मी आता सदस्य नाही, पण ग्रामसभेत बोलायला सदस्य असावं लागत नाही. 1 मेच्या ग्रामसभेत मी विषय मांडला. पाच भागांची पाणीवाटणी 1984 नंतर कुणी बसवली, ते पूर्ण नावानिशी प्रोसिडिंगला घ्या. आणि संगणकावरच्या पोरीचं काम, ती कधीपासून करते, तेही लिहा. दोन्ही ठराव झाले. सूचक म्हणून माझं नाव आहे. वाचणाऱ्यांनाही सांगतो, आपल्या पंचायतीचं प्रोसिडिंग बुक एकदा मागून बघा. जो रोज तुमच्या दारात येतो त्याची त्यात काय नोंद आहे ते वाचा.

हा लेख लिहून मी त्याला वाचून दाखवला. विचारलं, तुझं नाव घालू का? तो म्हणाला, "पुस्तकात घालून काय करू अण्णा? ठरावात येळेवर घातलं असतं तर कामाला आलं असतं."

म्हणून इथं त्याचं नाव नाही.