पुढचा डाऊन

शरद ऋतूतल्या शनिवारी दुपारी आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची एक ठरलेली तक्रार असते. "याला फुटबॉल का म्हणतात? पाय तर कुठे लागत नाही. आणि हे लोक दर पाच-सात सेकंदांनी थांबतात कशाला?" तक्रार रास्त आहे. पीएचडीसाठी मी टेक्ससमध्ये आलो, तेव्हा पहिले वर्षभर मीही हेच म्हणत होतो. पुढे हळूहळू उमगले, की या खेळाची खरी गंमत त्या थांबण्यातच आहे. आणि दडपणाखाली एखादा क्वार्टरबॅक मोठा का ठरतो, याचे उत्तरही मला तिथेच सापडले.

आपण सारी क्रिकेटवर वाढलेली माणसे. सचिन बाद झाला की घरोघरी टीव्ही बंद होत असे. फलंदाजाची एक चूक म्हणजे त्याचा खेळ संपला. उरलेला सामना त्याने पॅव्हेलियनमधून पाहायचा. क्वार्टरबॅकला ही सोय नाही! त्याने पास चुकवला, तो जमिनीवर आपटला गेला, ऐंशी हजार माणसांनी त्याची हुर्यो उडवली, तरी आजच्या कॉलेजच्या नियमांप्रमाणे साधारण चाळीस सेकंदांत त्याला पुन्हा त्याच जागी उभे राहून पुढचा डाव मांडावा लागतो. म्हणून "याच्या हातून चूकच होत नाही" हा त्याच्या मोठेपणाचा निकष होऊच शकत नाही. चूक झाल्यावर पुढच्या डाऊनला तो कोण असतो, हा खरा निकष.

ही परिस्थिती आपोआप आलेली नाही, नियमांनी घडवलेली आहे. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. तेव्हाचा खेळ म्हणजे झुंडीची रेटारेटीच होती. येलच्या वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने १८८० मध्ये नियम बदलला. चेंडू एका संघाकडे राहील, मधला खेळाडू तो मागे देईल आणि मागचा एक जण तो घेईल, असे ठरले. या चेंडू घेणाऱ्याचे नाव क्वार्टरबॅक. १८८२ मध्ये दुसरा नियम आला : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. या प्रयत्नांना डाऊन म्हणतात. चार डाऊन आणि दहा यार्ड हे आजचे गणित १९१२ पासूनचे. म्हणजे अपयशाला जागा या खेळाच्या घटनेतच ठेवलेली आहे. एकदा चुकलात? हरकत नाही, अजून तीन आहेत. पण मोजलेले आहेत.

सुरुवातीला चेंडू पुढे फेकायला मात्र बंदी होती. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू दगावल्याची मोजदाद तेव्हाच्या वृत्तपत्रांनी केली. त्या शरदात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सुनावले. खेळ मोकळा व्हावा म्हणून १९०६ पासून पुढे पास फेकण्याची मुभा मिळाली. ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावी सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. तो चुकला! आणि त्या वेळच्या नियमानुसार, कोणाचाही हात न लागता पडलेला पास म्हणजे चेंडू थेट प्रतिपक्षाला. इतकी जबर शिक्षा भोगूनही त्याच सामन्यात रॉबिन्सनने पुन्हा पास टाकला. या वेळी तो जॅक श्नायडरने झेलला आणि टचडाऊन झाला. फुटबॉलच्या इतिहासातला पहिला यशस्वी पास हा खरे तर दुसरा पास आहे, हे मला फार आवडते.

पासची मुभा मिळाली तरी क्वार्टरबॅक लगेच राजा झाला नाही. बरीच वर्षे बहुतेक संघांत चेंडू दुसऱ्याकडे जाई आणि क्वार्टरबॅक वाट मोकळी करून देई. १९४० मध्ये स्टॅनफर्डला क्लार्क शॉनेसी हे नवे कोच आले. त्यांनी 'टी' रचना वापरली, प्रत्येक डावाचा चेंडू आधी क्वार्टरबॅक फ्रँकी अल्बर्टच्या हाती दिला आणि आदल्या वर्षी एकच सामना जिंकलेला संघ त्या वर्षी एकही हरला नाही. देशभर ही रचना पसरली. तेव्हापासून सगळा निर्णय आणि सगळा दोष एकाच माणसावर आला.

आता दडपणाचे नमुने पाहू. १ जानेवारी १९७९, डॅलसचा कॉटन बोल, मैदानावर बर्फ. नोत्र दाम विरुद्ध ह्यूस्टन. नोत्र दामचा क्वार्टरबॅक ज्यो माँटाना, ज्याची १९७७ च्या हंगामाच्या आरंभी संघात तिसऱ्या क्रमांकावर गणती होती. थंडीने त्याच्या अंगातली उष्णता इतकी घटली की मध्यंतरानंतर त्याला आत ठेवून, पांघरुणे घालून, गरम सूप पाजावे लागले. तो परतला तेव्हा संघ ३४-१२ असा मागे होता. आपण जी दंतकथा ऐकतो ती इथून थेट विजयावर उडी मारते. मधले काय गाळले जाते? संघ सावरत असताना, शेवटच्या दोन मिनिटांत माँटानाच्या हातून चेंडू निसटला आणि ह्यूस्टनला मिळाला. सामना तिथेच संपायला हवा होता. पण नोत्र दामच्या बचावफळीने ह्यूस्टनला चौथ्या डाऊनला अडवले आणि चेंडू पुन्हा माँटानाकडे आला. सहा सेकंद उरले असताना त्याने कोपऱ्यात क्रिस हेन्सकडे पास टाकला, तो चुकला. दोन सेकंद उरले. त्याने काय केले? तोच डाव, तोच कोपरा, तोच हेन्स. टचडाऊन. ३५-३४.

यात दोन गोष्टी आहेत. एक, माँटानाने काहीही अद्भुत केले नाही. नुकत्याच फसलेल्या सरावातल्या डावावरचा त्याचा विश्वास उडाला नाही, इतकेच. दुसरी, ती संधी त्याने स्वतः मिळवलेली नव्हती. सोबत्यांनी ती आणून दिली.

४ जानेवारी २००६ चा रोझ बोल मी ऑस्टिनमध्ये एका मित्राच्या खोलीत दाटीवाटीने बसून पाहिला. सलग ३४ सामने जिंकलेल्या सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध टेक्ससचा व्हिन्स यंग. पावणेसात मिनिटे उरली असताना टेक्सस ३८-२६ असे मागे. शेवटी चौथा डाऊन, पाच यार्ड हवेत. यंगने पास द्यायला नजर फिरवली, कोणी मोकळे दिसेना, तेव्हा तो उजव्या कोपऱ्याकडे स्वतःच पळाला. १९ सेकंद शिल्लक; ४१-३८. रात्री विद्यापीठाचा मनोरा नारिंगी दिव्यांनी उजळला. मला मात्र आठवत होता ऑक्टोबर २००४, जेव्हा ओक्लाहोमाने टेक्ससला १२-० असे हरवले होते आणि यंगच्या पास फेकण्याच्या ढबीवर गावभर टीका चालली होती. त्याला क्वार्टरबॅक ठेवूच नका, असेही लोक म्हणत. कोच मॅक ब्राऊन यांनी त्याला त्याच जागी ठेवले आणि त्या पराभवापासून रोझ बोलपर्यंत टेक्ससने सलग वीस सामने जिंकले.

इथे इतिहासाचे एक कडू पान उलगडते. पुढचा डाऊन सगळ्यांना सारखा मिळाला नाही. कृष्णवर्णीय खेळाडू वेगाने पळेल, पण दडपणाखाली डोके शांत ठेवणे आणि संघ चालवणे त्याला जमणार नाही, असा समज कोचांमध्ये कित्येक दशके घट्ट होता. सँडी स्टीफन्सने १९६० मध्ये मिनेसोटाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. त्या हंगामाअखेरचा रोझ बोल संघ हरला; पुढच्याच वर्षी तो परत आला आणि जिंकून सामनावीर ठरला. याहून दडपणाची परीक्षा ती कोणती? तरी व्यावसायिक लीगने त्याला क्वार्टरबॅक म्हणून उभे केले नाही. तो कॅनडात जाऊन खेळला. वॉरन मून १९७८ च्या रोझ बोलचा सामनावीर, पण त्याच वर्षीच्या निवडीत एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. जागा बदलायला त्याने नकार दिला, एडमंटनला गेला, पाच ग्रे कप जिंकले, मग परत आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. जे परत आले त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. जे नाइलाजाने जागा बदलून बसले, त्यांच्यातला माँटाना कोण होता हे कधीच कळणार नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. काही वर्षांपूर्वी रात्री अडीच वाजता माझ्या हातून एक चुकीची आज्ञा गेली आणि चालू सिस्टिम बसली. पुढची दहा मिनिटे माझी बोटे कीबोर्डवर होती, पण मन "हे मी केलेच कसे" यातच अडकलेले. माझ्या मॅनेजरबाई फोनवर आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "ते उद्या बघू. आत्ता स्क्रीनवर काय दिसतंय?" मग काम सुरू झाले. दुसऱ्या दिवशी चुकीचा हिशेब कसून झाला, पण पुढच्या आठवड्याचे कामही माझ्याकडेच राहिले. त्या रात्री मी धीराचा होतो असे नाही. मला पुढचा डाऊन कोणीतरी दिला.

शेवटचा दाखला जेलन हर्ट्सचा. ८ जानेवारी २०१८ ला अटलांटात अजिंक्यपदाच्या सामन्यात अलाबामा जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला १३-० असे मागे होते. कोच निक सेबन यांनी हर्ट्सला बसवून तुआ टॅगोव्हायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवले. जादा वेळेतल्या पहिल्याच डाऊनला तुआ सोळा यार्ड मागे पाडला गेला, अक्षम्य चूक. पुढच्याच डाऊनला त्याने ४१ यार्डांचा पास टाकला आणि सामना जिंकला, २६-२३. सारा देश तुआचे कौतुक करत होता. हर्ट्स दुसऱ्या कॉलेजात न जाता तिथेच बाकावर बसून राहिला. १ डिसेंबर २०१८ ला तेच मैदान, तोच जॉर्जिया संघ, तुआ जखमी आणि संघ सात गुणांनी मागे. हर्ट्स उतरला, एक टचडाऊन पासवर, दुसरा स्वतः पळून, ३५-२८. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुपर बोलचा सामनावीर झाला.

आपल्या मुलांच्या बाबतीत आपण अजून क्रिकेटचाच नियम लावतो, असे मला वाटते. एक परीक्षा बिघडली, एका नामांकित कॉलेजचा नकार आला, की घरातला टीव्ही बंद. चुकीचा हिशेब व्हावाच, पण तो उद्या.

म्हणून आता पाहुण्यांना मी एवढेच सांगतो : पास चुकला की चेंडूकडे बघू नका. क्वार्टरबॅककडे बघा, आणि मग कोच काय करतो ते बघा. खेळ त्या चाळीस सेकंदांत आहे.