वेड्याचं घर आणि समुपदेशकाची खोली

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचे जन्मगाव. कवी गिरीश यांचे हे चिरंजीव १९२० साली तेथे जन्मले, पुढे नाशिकला इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि ऐतिहासिक नाटकांमुळे घराघरांत पोचले. आमचे लक्ष मात्र त्यांच्या पहिल्या नाटकाकडे वळते. ‘वेड्याचं घर उन्हात’ हे १९५७ सालचे. प्रतिष्ठित घरातील कर्त्या पुरुषाच्या ढळलेल्या मनाचे हे नाटक डॉ. श्रीराम लागूंच्या आरंभीच्या भूमिकांमुळेही स्मरणात राहिले आहे.

त्या काळच्या प्रेक्षकाजवळ अशा मनासाठी शब्द कोणते होते? कायदा १९१२ सालचा, आणि तो ‘वेडा’ एवढाच माणूस ओळखणारा. बोलीत ‘ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला न्या’, म्हणजे तेथील मनोरुग्णालयांत. सातारा-सांगलीकडे त्याआधीची पायरी म्हणजे देवऋषी, औदुंबर, नरसोबाची वाडी. दारे बंद करून एका जाणकार माणसापुढे बसावे आणि बोलावे, ही तिसरी वाट सर्वसामान्य घराच्या कल्पनेत नव्हती. देशात ती अज्ञात होती असे नव्हे. गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात १९२२ सालीच मनोविश्लेषणाची संस्था काढली होती, आणि फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहारही होता. मराठीत ही वाट रुळली ती बरीच नंतर. मुंबईचे कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी वाचकांपर्यंत आणला. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ज्या ठाण्यात संस्था काढली, ते ठाणे म्हणजे चेष्टेच्या वाक्प्रचारातलेच ठाणे, याची आम्हांला मौज वाटते.

या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्याला अडवतो तो आमच्या मते एक शब्द : समुपदेशन. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. उपदेश आमच्या परंपरेला नवा नाही. समर्थांनी याच सातारा मुलखात ‘मनाचे श्लोक’ रचले, आणि त्यांत मनाला हाक मारून समजावणे आहे. तेव्हा प्रथम जाणारा मनुष्य हीच अपेक्षा घेऊन जातो की समोरचा काही सांगेल आणि आपण ऐकू. घडते बहुधा उलट. पहिली भेट पाऊण तास ते तासभराची. कशासाठी आलात, झोप कशी आहे, भूक कशी आहे, घरी कोण कोण, पूर्वी काही उपचार झाले का, हे विचारले जाते. येथले बोलणे गुप्त राहील, मात्र आपल्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसल्यास ते बंधन सैल होईल, हेही आरंभीच सांगितले जाते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हा हक्क लेखी केला आहे. शुल्क आणि पुढील भेटींचे अंतर ठरते. औषधाची गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सुचवतात, कारण समुपदेशक औषध देत नाही. पहिल्याच भेटीत सल्ला हाती पडेलच असे नाही, आणि काहींना तर घरी परतताना अधिकच जड वाटते.

नाटकवेड्या आम्हां मराठी माणसांची दुसरी अडचण येथेच आहे. रंगभूमीला तासांत मोजलेली उकल हवी असते : दडलेले रहस्य, मग स्फोट, मग पडदा. कानेटकरांसारख्या कुशल रचनाकाराने आम्हांला ती गोडी लावली, याबद्दल तक्रार नाही. पण त्या खोलीत स्फोट क्वचितच होतो. तीच गोष्ट चौथ्या, सातव्या भेटीत पुन्हा निघते, थोडी निराळी होऊन. समोरचा माणूस मानवत नसेल तर तसे त्याला सांगता येते, दुसरा शोधताही येतो. गुरू सोडल्याचे पाप त्यात नाही.

आमच्यापैकी एकजण काही वर्षांपूर्वी प्रथम गेला तेव्हा त्याने मुद्दे कागदावर लिहून नेले होते. क्रमवार, प्राध्यापकी वळणाचे. कागद खिशातच राहिला. समोरच्या बाईंनी पाणी दिले, नाव विचारले आणि मग बराच वेळ काहीच विचारले नाही. त्या शांततेत त्याने जे पहिले वाक्य उच्चारले, ते कागदावर कोठेच नव्हते.