शक्तीआधी क्रँकशाफ्टची मजबुती महत्त्वाची

भारतात १९८५ ते १९९६ या काळात उत्पादित झालेल्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलचे ९८ सीसी इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर ११ अश्वशक्ती देते. शर्यतीसाठी हेच इंजिन १०,००० फेऱ्यांपर्यंत नेल्यास क्रँकपिनवरील जडत्वाचा भार सुमारे पावणेदोन पट होतो. कारण हा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

या इंजिनाचा क्रँकशाफ्ट एकसंध नसतो. त्याचे दोन भाग क्रँकपिनवर दाबून बसविलेले असतात. अतिरिक्त ताणाखाली ही जोडणी सरकते, शाफ्टची समरेषा बिघडते आणि बेअरिंग निकामी होते. त्यामुळे सिलिंडरच्या पोर्टमध्ये फेरफार करण्यापूर्वी फोर्जिंगने घडविलेला कनेक्टिंग रॉड, दर्जेदार क्रँकपिन व निडल बेअरिंग निवडावे. पिनची टोके वेल्डिंगने पक्की करता येतात. मात्र नंतर रॉड बदलणे अवघड होते.

त्यापुढे क्लचच्या स्प्रिंग अधिक ताठ हव्यात. अन्यथा क्लच घसरून वाढलेली शक्ती वाया जाते. चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकाच वेळी बदलावीत. धावत्या गाडीचे इंजिन जाम झाल्यास मागील चाक अडकते. म्हणूनच या भागांवरील खर्च हा चैनीचा नसून चालकाच्या सुरक्षिततेचा आहे.