उन्हाची शिदोरी

१९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन या अभियंत्याकडे एक व्यवहारातली अडचण सोपवली गेली. उष्ण आणि दमट हवेच्या दूरच्या मुलखात, जिथे विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या, तिथली टेलिफोन यंत्रणा कोरड्या बॅटऱ्यांवर चालायची आणि त्या बॅटऱ्या दमट हवेत लवकर निकामी व्हायच्या. पर्याय म्हणून चॅपिनने पवनचक्की आणि वाफेचे छोटे इंजिन यांचाही विचार केला. शेवटी त्याची नजर सूर्याकडे वळली. आधी सेलेनियमचे घट वापरून पाहिले. पडलेल्या उन्हाचा एक टक्काही भाग विजेत उतरेना. त्याच संस्थेत जेराल्ड पिअरसन आणि कॅल्विन फुलर सिलिकॉनवर काम करत होते. तिघांनी मिळून सिलिकॉनचा घट बनवला आणि २५ एप्रिल १९५४ रोजी तो जगासमोर ठेवला. त्या विजेवर खेळण्यातला पाळणा फिरला, रेडिओवरून आवाज गेला. कार्यक्षमता होती सुमारे सहा टक्के.

म्हणजे सौरविजेचा आजचा घट जन्मला तोच मुळी तारेपासून दूर असलेल्यांच्या गरजेतून. आज पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला तंबू ठोकणारी मंडळी जी पेटी गाडीतून उतरवतात, जिला बाजारात ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ म्हणतात, ती त्याच गरजेची वारसदार आहे. मात्र ती एकच वस्तू नाही. पॅनेल, बॅटरी, चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर अशा चार वस्तू तिथे एकत्र आल्या आहेत. चौघांचे कूळ वेगळे, घडण्याचा काळ वेगळा आणि कमकुवत जागाही वेगळ्या. हा इतिहास माहीत असेल तर पेटी निवडताना फसगत होत नाही.

या पेटीच्या आधी माणूस रात्री सोबत नेत असे तो फक्त उजेड. १८६०-७०च्या दशकांत अमेरिकेत जॉन आयर्विनने वाऱ्यात न विझणाऱ्या नळीच्या कंदिलाची रचना केली आणि हा कंदील जगभर गेला. महाराष्ट्रात कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील स्वदेशीच्या काळात घरोघरी पोहोचला. समारंभाला मात्र कंदील पुरत नसे. वरात, जत्रेतला तमाशा, गावची सभा यांना गॅसबत्ती लागायची. बर्लिनच्या कारखान्यातून आलेली पेट्रोमॅक्स बत्ती डोक्यावर घेऊन वरातीपुढे चालणारी माणसे विसाव्या शतकातल्या लग्नांच्या आठवणींत आजही आहेत. तिच्या जाळीचा लखलखाट थोरियमच्या ऑक्साइडमुळे यायचा. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख याने ती जाळी शोधली, आणि तिला लागणाऱ्या थोरियमसाठी १९०९ नंतर त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू युरोपात जाऊ लागली. मात्र कंदील असो वा बत्ती, दोन्हींना रोज रॉकेल लागायचे, आणि त्या रॉकेलवर पंखा फिरत नव्हता की रेडिओ लागत नव्हता.

सिलिकॉनचा घट ही उणीव भरून काढू शकला असता, पण त्याची किंमत आडवी आली. ऑक्टोबर १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावाजवळ टेलिफोनच्या खांबावर पॅनेल बसवून ग्रामीण लाइन चालवून पाहिली गेली. यंत्रणा व्यवस्थित चालली, तरी टेलिफोन कंपनीला ती परवडेना. एका साध्या घराला पुरतील एवढी पॅनेल घ्यायची तर त्या वेळच्या भावाने चौदा लाख डॉलरहून जास्त खर्च येईल, असा हिशेब खुद्द चॅपिननेच मांडला होता.

तारण अंतराळाने केले. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा छोटा उपग्रह कक्षेत गेला. त्यावर दोन प्रक्षेपक होते. साध्या बॅटरीवरचा प्रक्षेपक काही आठवड्यांत मुका झाला, तर सौरघटांवरचा १९६४ पर्यंत संदेश देत राहिला. अंतराळात किमतीला कोणी विचारत नव्हते, टिकाऊपणालाच मोल होते. पॅनेलमधून क्षणोक्षणी जास्तीत जास्त वीज काढून घेणारी जी युक्ती आज कंट्रोलरवर ‘एमपीपीटी’ अशा अक्षरांनी लिहिलेली असते, ती आधी उपग्रहांसाठीच विकसित झाली.

पॅनेल पुन्हा जमिनीवर उतरवण्याचे श्रेय एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाला द्यावे लागेल. एक्झॉन या तेल कंपनीच्या पैशावर त्याने १९७३ मध्ये सोलर पॉवर कॉर्पोरेशन सुरू केली. इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांनी नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या स्वस्तात घ्यायच्या आणि गोल आहेत तशाच पॅनेलमध्ये बसवायच्या, अशा काटकसरीने त्याने वॅटमागे शंभर डॉलरचा भाव वीसवर आणला. पहिली गिऱ्हाइके होती समुद्रातली: मेक्सिकोच्या आखातातले तेलाचे फलाट आणि अमेरिकी तटरक्षक दलाचे दिवे लावलेले तरंगते बोये. तिथवर तार नेणे अशक्य होते आणि बॅटऱ्या बदलायला बोट पाठवणे पॅनेलपेक्षा महाग पडत होते.

यानंतर माणसांच्या घरांची पाळी आली. केनियात १९८०च्या दशकात कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी सरकारी योजनेची वाट न पाहता दहा-बारा वॅटची पॅनेल पदरच्या पैशांनी घेतली, गाडीच्या बॅटरीला जोडली, आणि त्यावर दोन दिवे, रेडिओ, छोटा टीव्ही चालवला. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये देशातला पहिला सौरघट बनवला. पुढे सरकारी योजनांतून सौरकंदील वाटले गेले: दहा वॅटचे पॅनेल, शिशाची सीलबंद बॅटरी आणि सात वॅटचा सीएफएल दिवा. पॅनेल वर्षानुवर्षे चालायचे. बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांत मान टाकायची. एलईडी आल्यावर तेवढ्याच उजेडाला कितीतरी कमी वीज पुरू लागली. आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये हाती घेतलेल्या उपक्रमात महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौरदिव्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच लोकांना शिकवली गेली. दुरुस्ती हाताशी असेल तरच वस्तू टिकते, हा आधीच्या बंद पडलेल्या कंदिलांचा धडा त्यात होता.

बॅटरीची गोष्ट पॅनेलपेक्षा जुनी आहे. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये बनवली. महाराष्ट्राच्या घरांत ती पोहोचली ती भारनियमनामुळे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज जायची आणि ज्याला परवडेल तो इन्व्हर्टर घ्यायचा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे हे घरातले नेमाचे काम झाले. स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणतो, हेही लोकांना तेव्हाच कळले. त्या इन्व्हर्टरमधून येणारी वीज चौकोनी लहरींची असते आणि मोटारीला ती मानवत नाही. म्हणून आजही पेटीवर ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिले आहे की नाही हे पाहावे लागते.

शिशाचे ओझे उतरले ते लिथियममुळे. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तीही व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. कोबाल्टची ही बॅटरी हलकी होती, पण महाग आणि तापली तर धोक्याची. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने लोह आणि फॉस्फेट वापरणारा पर्याय मांडला. त्या शोधनिबंधावर पहिले नाव होते अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचे. बाजारात हीच बॅटरी ‘एलएफपी’ म्हणून ओळखली जाते. तेवढ्याच विजेला ती थोडी जड पडते, पण सहजी पेट घेत नाही आणि दोन ते चार हजार वेळा भरता येते. तिच्या बहुतेक जुन्या भावंडांचे आयुष्य पाचशे ते हजार वेळांत उतरणीला लागायचे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत लिथियम बॅटऱ्यांच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या आणि चारही वस्तू एका पेटीत बसवणे व्यापाराच्या दृष्टीने शक्य झाले.

या पेटीचे पहिले ठळक नाव गोल झीरो. रॉबर्ट वर्कमन या अमेरिकी उद्योजकाला काँगोमध्ये मदतकार्य करताना विजेवाचून अडलेली गावे दिसली, आणि त्यातून २००९ मध्ये ही कंपनी उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या पेटीत शिशाचीच बॅटरी होती. वजन पंचेचाळीस किलोंहून जास्त, म्हणून ती चाकांवरून ओढत न्यावी लागे. जवळपास तेवढीच वीज साठवणारी आजची एलएफपी पेटी दहा ते चौदा किलोंची असते. २०१७ मध्ये चीनच्या शेन्झेनमध्ये इकोफ्लो सुरू झाली, इतरही कंपन्या उतरल्या आणि भाव खाली आले. जाहिरातीत तंबू आणि डोंगर दिसतात, पण पेटीची कसोटी लागली ती संकटात. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात वणव्याच्या भीतीने वीज कंपन्यांनी लाखो लोकांचा पुरवठा बंद ठेवला. २०२२-२३च्या हिवाळ्यात युक्रेनमधली वीजकेंद्रे हल्ल्यांनी उद्ध्वस्त झाली, तेव्हा घरे, दुकाने आणि दवाखाने अशा पेट्यांवर तग धरून होते.

मग निवड कशी करावी? पहिला आकडा पाहायचा तो वॅट-तासांचा. महावितरणच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे हजार वॅट-तासांच्या पेटीत बिलावरचे नेमके एक युनिट मावते. त्यातले दहा-पंधरा टक्के इन्व्हर्टरमध्येच खर्च होतात. दोन रात्रींच्या तंबूसाठी हिशेब साधा आहे. पाच वॅटचा एलईडी पाच तास लावला तर २५ वॅट-तास, एक मोबाइल भरायला १५ ते २०, आणि वीस वॅटचा छोटा पंखा रात्रभर चालवला तर १६०. चार जणांच्या कुटुंबाला पाचशे वॅट-तासांची पेटी जेमतेम पुरते, आणि दिवसा पॅनेल लावले तर निर्धास्त पुरते. इंडक्शन शेगडी मात्र दोन हजार वॅट ओढते. लहान पेटीचा इन्व्हर्टर ती चालवूच शकत नाही आणि हजार वॅट-तासांची पेटीही अर्ध्या तासात रिकामी होते. स्वयंपाकाला गॅसच बरा.

पॅनेलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, २५ अंश तापमानाचा. एप्रिलच्या उन्हात पॅनेल साठ अंशांवर जाते आणि दर अंशाला तीन-चार दशांश टक्के वीज घटते. शंभर वॅटचे पॅनेल प्रत्यक्षात सत्तर ते ऐंशी वॅट देते. उन्हाळ्यात दिवसभरात सुमारे ३५० ते ४०० वॅट-तास, आणि जुलैच्या सह्याद्रीत त्याच्या काही अंशानेच. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर झाडाची सावली पडली तरी वीज खूप उतरते. म्हणून पॅनेल उन्हात, पेटी सावलीत आणि मध्ये लांब केबल, अशी मांडणी ठेवावी. झोपताना वापरात नसलेला एसी इन्व्हर्टर बंद करावा. नुसता चालू राहिला तरी तो रात्रभरात शंभर-दीडशे वॅट-तास खातो.

लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शून्याखाली एलएफपी बॅटरी चार्ज करू नये. चांगल्या पेट्या अशा वेळी स्वतःहून चार्जिंग थांबवतात. आणि १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही. पेटी न्यायची असेल तर रस्त्यानेच. पाठीवर सामान घेऊन गड चढणाऱ्या ट्रेकरला तर ती मुळीच नको. शंभर वॅट-तासांच्या आतली पॉवर बँक आणि डोक्याला बांधायचा दिवा एवढे त्याला पुरते.

या पेटीची खरी गरज तंबूपलीकडे आहे. बीडहून दरवर्षी निघणारी ऊसतोड कुटुंबे हंगामाचे चार-सहा महिने विजेवाचून कोपीत काढतात. तिथे शाळकरी पोरांसाठी दिवा आणि मोबाइल एवढीच मागणी असते. दोनशे-तीनशे वॅट-तासांची पेटी आणि पन्नास वॅटचे पॅनेल ती पुरवू शकते. साखर कारखान्यांनी आणि सामाजिक संस्थांनी टोळीमागे अशा काही पेट्या भाड्याने द्यायची व्यवस्था केली, तर सत्तर वर्षांपूर्वी ज्या माणसांसाठी हे संशोधन सुरू झाले, त्यांच्यासारख्याच माणसांपर्यंत ते पोहोचेल.

खरेदी करताना एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा: बॅटरी बिघडली तर दुरुस्ती कुठे होईल आणि संपल्यावर ती परत कोण घेईल? २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. दुकानदाराकडे याचे उत्तर नसेल, तर पेटी कितीही स्वस्त असली तरी दुसरीकडे पाहावे.