पन्हळी पत्र्याचें छप्पर

घरावर पत्रा घालावा कीं कौलें, हा प्रश्न केवळ खर्चाचा नव्हे, असें आम्हांस वाटतें. लंडन गोदीचा इंजिनियर हेन्री पामर यानें १८२९ सालीं पन्हळी पत्र्याचें पेटंट घेतलें. सपाट असतां लवणारा पातळ पत्रा वळ्यांमुळें ताठ झाला. पुढें १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंडावर जस्त चढविण्याचें पेटंट घेतलें, आणि गंजाचें भयही कमी झालें. आपल्याकडे या पत्र्यानें दरसालची शाकारणी चुकविली. हलक्या भारास वासेही हलके पुरतात. खिळा मात्र पन्हळीच्या उंचवट्यावरच मारावा, कारण खोलगट भागांतून पाणी वाहतें. परंतु उन्हाचा ताप पत्रा तत्काळ आंत पोंचवितो, म्हणून त्याखालीं लाकडी तक्तपोशी अवश्य असावी. तिचा खर्च ज्यास झेपत नाहीं, त्यानें कौलेंच पसंत करावीं. स्वस्त छपराची राहिलेली किंमत वैशाखांत घरांतील माणसांनाच भरावी लागते.