गाडीचा रंग कोण ठरवतो?

नव्या गाडीचे सगळे ठरते. मॉडेल ठरते, पेट्रोल की सीएनजी हे ठरते, बँकेचा हप्ताही ठरतो. शेवटी शोरूममधला पोरगा रंगांचे कार्ड पुढे सरकवतो आणि इतका वेळ तावातावाने बोलणारी घरातली माणसे एकदम गप्प होतात. मग कोणीतरी म्हणते, ‘पांढरीच घ्या ना.’ मामला तिथेच मिटतो. लाखो रुपयांच्या व्यवहारात पूर्णपणे आपल्या आवडीचा असा एकच निर्णय असतो आणि तोच आपण सर्वांत कमी वेळात उरकतो.

माझ्या भाच्याने मध्यंतरी गाडी बुक करायला घेतली तेव्हा त्याच्या डोळ्यांत गडद हिरवा रंग भरला होता. मला फोटो पाठवून त्याने विचारले, “मामू, कशी वाटते?” मी उत्तर देण्याआधीच घरातून दोन निकाल आले. दुल्हेभाई म्हणाले, “पांढरी घे, विकताना त्रास नाही.” आपा म्हणाली, “हिरवी तर नकोच. सोसायटीत उगाच लोकांना विषय.” एकाला पुढच्या गिऱ्हाइकाची चिंता आणि दुसरीला शेजाऱ्याची. ज्याला रोज गाडी चालवायची होती, त्याची पसंती कुणी विचारलीच नाही.

या दोन्ही भीतींचा इतिहास आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात हेन्री फोर्ड यांच्यापासून करावी लागते. काळ्याशिवाय दुसरा रंग मिळणार नाही, या अर्थाचे त्यांचे वाक्य जगभर सांगितले जाते. पण 1908 साली बाजारात आलेली ‘मॉडेल टी’ पहिल्या काही वर्षांत हिरव्या, लाल, करड्या अशा रंगांत मिळत होती. 1914 ते 1925 या काळात मात्र ती फक्त काळीच निघाली. याचे कारण फोर्डसाहेबांच्या आवडीत शोधू नये, ते कारखान्यात सापडते. 1913 मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात चालती जुळणी-साखळी सुरू झाली आणि पूर्वी बारा तासांहून जास्त वेळ लागणारी जुळणी पुढच्या वर्षी दीड तासावर आली. इतक्या वेगाने गाड्या बाहेर पडू लागल्यावर एकाच रंगाचे काम सर्वांत सोयीचे होते. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता. त्या काळच्या काळ्या व्हार्निशात डांबराच्या जातीचे द्रव्य असे. ते भट्टीत भाजले की घट्ट बसे, पण डांबर असल्यामुळे त्यातून काळ्याशिवाय दुसरा रंग निघतच नसे.

गिऱ्हाइकाला या सक्तीचा मोबदलाही मिळाला. 850 डॉलरची गाडी 1920च्या दशकात 300 डॉलरच्या खाली आली. शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या दारात मोटार उभी राहिली. रंगाची निवड गेली, पण गाडी घेण्याची ऐपत आली. हा सौदा त्या काळच्या गरीब माणसाला तोट्याचा नव्हता.

ज्यांना रंगीत गाडी हवी होती त्यांची अडचण वेगळी होती. घोडागाडी रंगवण्याची जुनी पद्धतच मोटारीला लावली जात होती. जवसाच्या तेलातला रंग ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचा. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. तेवढा काळ त्या गाड्या वाळत ठेवायला प्रचंड जागा लागे आणि पैसा अडकून पडे. म्हणून रंग ही श्रीमंतांची चैन होती.

ही कोंडी रसायनशास्त्राने फोडली. ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून ‘ड्यूको’ नावाचे लॅकर तयार केले. ते फवाऱ्याने मारता येई आणि झटपट वाळे. जनरल मोटर्सने 1923 मध्ये आपल्या ‘ओकलंड’ गाडीवर ते वापरले. ती गाडी निळी होती. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि सामान्य गिऱ्हाइकाला रंग परवडू लागला. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी 1927 मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ असा स्वतंत्र विभागच उघडला. त्याच वर्षी, दीड कोटी गाड्या विकून झाल्यावर, मॉडेल टी बंद पडली. मॉडेल टी मागे पडण्याची कारणे अनेक होती, पण शेजाऱ्यासारखीच गाडी चालवायचा लोकांना कंटाळा आला होता, हेही त्यातले एक.

सांगायचा मुद्दा असा की, शोरूममधले ते रंगांचे कार्ड फुकटात आलेले नाही. स्वस्त गाडीत मनाजोगता रंग मिळावा, यासाठी सामान्य माणसाला वाट पाहावी लागली आहे.

आपल्याकडे ही वाट आणखी लांबली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे तीच ‘पद्मिनी’ होऊन बाहेर पडू लागली. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागला हीच ईद असायची, रंगाबद्दल हुज्जत कोण घालणार? सरकारी अॅम्बॅसेडर पांढरी, मुंबईची टॅक्सी काळी-पिवळी. रंग पाहून आतल्या माणसाची हैसियत कळायची. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली, 1991 नंतर बाजार खुला झाला आणि मध्यमवर्गाच्या हाती रंगांचे कार्ड आले. ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले. त्या हळहळीत तिच्या काळ्या-पिवळ्या रंगाचा वाटा मोठा होता.

आता निवड हातात असताना आपण काय करतो? गेल्या दशकभरापासून जगात सर्वांत जास्त गाड्या पांढऱ्या रंगातच बनतात आणि भारतातही पांढराच पुढे आहे. पूर्वी कारखाना सांगायचा, आता आपण स्वतःहून एकाच रंगाकडे वळतो.

यात पांढऱ्याचा दोष नाही. त्याच्या बाजूने पक्की कारणे आहेत. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात उभ्या करून मोजमाप केले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चंदेरी गाडीच्या आतली हवा पाच-सहा अंशांनी थंड निघाली. पांढऱ्यालाही तोच फायदा मिळतो. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात पाच अंशांची किंमत काय, ते सांगायला नको. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने 2007 मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिवसाच्या उजेडात पांढऱ्या गाडीच्या तुलनेत काळ्या गाडीला धोका सुमारे 12 टक्के जास्त आढळला. या कारणांसाठी कुणी पांढरी घेत असेल, तर ती विचारपूर्वक केलेली निवड आहे. पण सात-आठ वर्षांनी येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला आवडावा म्हणून आजचा रंग ठरवायचा, हा प्रकार मला पटत नाही. हप्ते आपण फेडायचे आणि पसंती त्याची!

दुसरी भीती जास्त खोल आहे. आपाने हिरव्याला नाही म्हटले ते रंग वाईट म्हणून नाही. गाडी पाहताच लोक आपले आडनाव वाचतील, एवढेच तिच्या मनात होते. मराठी मुसलमान घरांत असे हिशेब अनेक ठिकाणी होतात. दाराचा रंग, झेंड्याचा रंग, सणाच्या दिवशीचा कुर्ता, प्रत्येकाचा हिशेब. तिची काळजी मी खोटी म्हणणार नाही. पण हिरवा रंग खरोखर कुणाचा आहे, हे इतिहासाला विचारायला हरकत नाही.

मोटारींच्या दुनियेत हिरवा रंग इंग्रजांचा आहे. 1903 मध्ये गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडमध्ये झाली. यजमान भूमीचा मान म्हणून ब्रिटनच्या गाड्या हिरव्या रंगवल्या गेल्या आणि पुढे ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ हे नाव रूढ झाले. फ्रान्सला निळा आणि इटलीला लाल रंग होता.

मुस्लिम इतिहासातही हिरवा एकटा नव्हता. अब्बासी खलिफांचा रंग काळा, फातिमी खलिफांचा पांढरा. अब्बासी खलिफा मामून यांनी 817 मध्ये इमाम अली रझा यांना वारस नेमले, तेव्हा दरबाराचा काळा पोशाख बदलून हिरवा केला. दोन वर्षांनी बगदादला परतल्यावर पुन्हा काळा आणला. म्हणजे रंगाचे राजकारण तेव्हाही होते आणि रंग दरबाराच्या सोयीने बदलत होते.

आणि आपल्या महाराष्ट्रात? इथे हिंदू नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतात. श्रावणातल्या सह्याद्रीला कुणी जात विचारत नाही. कायद्याचे म्हणाल, तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 121 संरक्षण खात्याशिवाय इतर कुणालाही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ देत नाही. म्हणजे एका हिरव्यावर कुणाचा कायदेशीर हक्क असलाच, तर तो लष्कराचा आहे. बाकी सगळे हिरवे तुमचे-आमचे आहेत.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजेस आहेत. तिथल्या एका जुन्या पेंटर उस्तादांना मी विचारले होते, कुठला रंग घ्यावा? स्प्रे गन पुसत ते म्हणाले, “पांढरा नीट करायला सोपा. मेटॅलिकला शेड जुळवताना जीव जातो. गडद रंगावर ओरखडा ओरडून सांगतो. पण खरं सांगू? गाडी धुणार असाल तर कुठलाही घ्या.” मेटॅलिक रंगात अॅल्युमिनिअमचे बारीक कण असतात. फवारताना ते जसे बसतात तशी चमक बदलते, म्हणून ठिगळ दिसते. कारखान्यातल्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण माणसाच्या केसाएवढी भरते. इतक्या पातळ पापुद्र्याचे आपण किती ओझे वाहतो!

म्हणून रंग निवडताना मला वाटते ते असे. रंग कार्डावर पाहू नका. शक्य असेल तर त्या रंगाची गाडी दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळी दिव्याखाली, अशी दोनदा पाहा. गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहणार असेल, तर फिका रंग घ्या. मेटॅलिक किंवा पर्लसाठी जास्त पैसे मागतात का आणि ठोकर बसल्यास एक पत्रा रंगवायला किती पडतील, हे आधीच विचारा. रंग आरसीवर नोंदला जातो. पुढे बदलायचा झाल्यास आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, तेव्हा घाई नको. इतके तपासल्यावर उरलेला निर्णय जो चालवणार त्याचा.

भाच्याला मी हेच कळवले. त्याच्या गाडीला सोसायटीत छताखाली जागा आहे, त्यामुळे उन्हाचा मुद्दा त्याच्यापुरता मिटतो. आता त्याने हिरवी घ्यावी, निळी घ्यावी की पांढरीच घ्यावी, ते त्याने पाहावे. पांढरी घेतली तर ती त्याला आवडली म्हणून घ्यावी, एवढीच माझी अट आहे. शेजाऱ्याच्या नजरेला घाबरून सोडलेला रंग पुढची दहा वर्षे रोज सकाळी आठवत राहतो.